पाटी ज्याची, तोच काढणार

विमल तांबे पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या. बाईंचा नवरा प्रकाश तांबे आमच्याच कारशेडमध्ये फिटर होता. चार महिन्यांपूर्वी तो कामावर असताना गेला, आणि त्याच्या जागी बायकोला नोकरी देण्याचा कागद साहेबांच्या हातात होता. तो कागद मीच टाईप केला होता. साहेबांनी तो वाचला, चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "लेले, यांना ऑफिसातच ठेवू. पाणी, फायली, चहाबिहा. लेडीजला बरं पडतं."

मी मान डोलावली. तेव्हा मी तिशीचा होतो आणि मान डोलावण्यात तरबेज झालो होतो.

बाई म्हणाल्या, "मला मिस्टरांच्या जागी घेतलंय ना?"

"हो."

"मग त्यांची जागा दाखवा."

साहेब गडबडले. "त्यांची तशी जागा म्हणजे... टेबल वगैरे नसायचं त्यांना. ते पिटात असायचे, लाईनवर असायचे."

"मग पीट दाखवा, लाईन दाखवा. चहा मी घरी करते."

ज्यांनी कारशेड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोकल गाड्या धुतल्या जातात, तपासल्या जातात, काम नसेल तेव्हा उभ्या राहतात, ती ही जागा. पत्र्याची लांबलचक शेड आणि तिच्यात रुळांच्या मधोमध खणलेले खड्डे, त्यांना पीट म्हणतात. माणूस पिटात उतरतो आणि डोक्यावर उभ्या असलेल्या डब्याचं पोट तपासतो. शेडबाहेर उघड्यावर आणखी आठ लाइनी, तिथं रिकाम्या गाड्या एकीमागे एक उभ्या. अशा गाडीखाली किंवा दोन डब्यांच्या मध्ये कोणी काम करत असेल, तर गाडी हलू नये म्हणून मोटरमनच्या काचेवर एक लाल पाटी टांगायची. पाटीचा नियम एका ओळीचा आहे. ज्यानं लावली, त्यानंच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

या पाट्या माझ्या खिडकीतून दिल्या जात. घेताना रजिस्टरमध्ये सही, परत करताना सही.

अपघाताच्या दिवशी सकाळी प्रकाश तांबेनं सात नंबरची पाटी घेतली, सही केली आणि बाहेरच्या सहाव्या लाइनीवर गेला. दुपारी आमचे सुपरवायझर दळवी तीच पाटी हातात घेऊन खिडकीशी आले आणि त्यांनी स्वतःच ती खिळ्याला अडकवली. मी विचारलं, "तांबेचं झालं का काम?"

"झालं असेल," दळवी म्हणाले. त्यांना मागची गाडी आत घ्यायची होती, त्यासाठी सहाव्या लाइनीवरची पुढं सरकवायला हवी होती. 'परत' या रकान्यात मी काही लिहिलं नाही, कारण तिथं तांबेची सही लागत होती. तेवढा नियम मात्र मी पाळला. वीस मिनिटांनी लाईनवरून आरडाओरडा ऐकू आला.

चौकशी झाली. साहेब मला म्हणाले, रजिस्टर सध्या कपाटातच राहू दे. मी राहू दिलं. मग त्यांनी रिपोर्ट सांगितला आणि मी तो टाईप केला. कर्मचाऱ्याने लाल पाटी न लावल्यामुळे, स्वतःच्या बेफिकिरीमुळे, सदर अपघात घडला. दळवींना लग्नाच्या दोन मुली होत्या. साहेबांची बदली व्हायची होती. माझी आई फणसवाडीतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. तांबे बोलायला नव्हता.

आणि आता त्याची बायको मला म्हणत होती, चला, लाईन दाखवा.

मी त्यांना सहाव्या लाइनीवर घेऊन गेलो. त्या दिवशी तिथं गाडी नव्हती. रुळांमधली खडी नवीन टाकलेली होती, बाकीच्या खडीपेक्षा पांढरी. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"इथं?"

"इथं."

"पाटी लावली नव्हती, असं तुमच्या रिपोर्टात लिहिलंय."

"हो, तसं आहे त्यात."

"लेलेभाऊ, हा माणूस रात्री दोनदा उठायचा. गॅस बंद आहे का बघायला. एकदा बघितलेला असायचा तरी." एवढं बोलून त्या परत फिरल्या. मी मागून चालत होतो आणि रजिस्टर माझ्या कपाटात होतं.

तांबेबाईंना पिटातलं काम शिकवायला कोणी तयार नव्हतं. बाईमाणूस खाली उतरणार, साडीचं काय, वजनाचं काय, काही झालं तर जबाबदारी कोणाची. शेवटी पवार नावाचा एक जुना फिटर तयार झाला, तोही चिडूनच. म्हणाला, "चार दिवसांत पळेल." बाईंनी पाचव्या दिवशी प्रकाशची खाकी पँट आणि शर्ट घालून यायला सुरुवात केली. पँट कमरेला नाडीनं बांधलेली. सहा महिन्यांत त्या चाकाजवळचे ब्रेकब्लॉक बदलायला लागल्या. वर्षभरानंतर पवार मला म्हणाला, "लेले, बाई कानानं काम करते रे. हवा कुठं लीक होते ते आम्ही साबणाचं पाणी लावून बघतो. ती नुसती उभी राहते आणि बोट दाखवते."

त्यांचा आवाज मोठा होता, डिलाईल रोडच्या चाळीत गॅलरीच्या या टोकाहून त्या टोकाला बोलून तयार झालेला. पिटात उतरण्यापूर्वी त्या ओरडायच्या, "खाली कोण कोण?" आणि खाली असलेल्या प्रत्येकानं स्वतःचं नाव सांगायचं. पवार, शेख, मोरे. नुसतं 'आहे' म्हटलेलं चालायचं नाही. पहिल्या वर्षी पोरं चेष्टा करायची, मुद्दाम देवांची नावं सांगायची. बाई हसायच्या नाहीत. "देवाला पेन्शन नाय, तुझ्या बायकोला लागेल. नाव सांग." पुढं ती शेडची रीतच पडली. बदलून आलेली माणसंसुद्धा कोणी न शिकवता नाव सांगायला लागली.

रागीट होत्या का? होत्या. मरणानं माणूस मऊ होतो वगैरे लोक म्हणतात, बाईंच्या बाबतीत तसं काही झालं नाही. सकाळी कामावर येताना त्या रागातच यायच्या आणि तो राग दिवसभर पुरवून वापरायच्या. तुटलेल्या दिव्यावर, न मिळालेल्या हातमोज्यांवर, बायकांसाठी संडास नसण्यावर. त्या संडासासाठी त्यांनी तीन साहेब बदलेपर्यंत अर्ज केले. चौथ्यानं बांधून दिला आणि उद्घाटनाला फीत लावली. बाईंनी फितीकडे बघून म्हटलं, "कापा लवकर. घाई आहे."

एका महिला दिनाला वरच्या ऑफिसातून फोटोग्राफर आला. शेडमधली पहिली महिला फिटर, हातात पाना, पाठीमागं गाडी, असा फोटो भिंतीवर लावायचा होता. त्यानं बाईंच्या हातात नवाकोरा चकचकीत पाना दिला. बाईंनी तो उलटसुलट केला. "हा कुठल्या नटाला लागतो?"

"मॅडम, नुसता धरायचाय."

"नुसतं धरायला मी नाय आले इथं." पाना त्याच्या बॅगेत ठेवून त्या खाली उतरल्या. भिंतीवर शेवटी कॅन्टीनमधल्या बाईंचा फोटो लागला, हातात तोच पाना.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेडमध्ये टेबलावर पाने, हातोडे, जॅक मांडायचे, झेंडूच्या माळा, नारळ. बाई त्या पूजेला येत नसत. त्या बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातल्या. पूजेच्या वेळी त्या बाहेर लाईनवर कामाला जायच्या, आणि त्यावरून कुजबुज व्हायची. पाण्याच्या माठावरूनही आधी झाली होती. एका म्हाताऱ्या फिटरनं माठातून पाणी काढायचा डोया उचलून स्वतःच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली तेव्हा बाईंनी दुसऱ्या दिवशी तो माठच उचलून त्याच्या कपाटासमोर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "हा पण आत ठेवा. मग बघू शेड किती दिवस पाणी पीत नाही." डोया परत आला.

तर एका दसऱ्याला कोणीतरी टेबलावर लाल पाट्यासुद्धा मांडल्या होत्या. सगळ्या धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. बाई लाईनवर निघाल्या होत्या, पाटी घ्यायला माझ्या खिडकीशी आल्या. खिळे रिकामे. मी म्हटलं, "आज पूजेला ठेवल्यात, तासाभरात देतो."

त्या टेबलाशी गेल्या. त्यांनी एक पाटी उचलली, तिच्यावरची माळ काढून बाजूच्या हातोड्याला घातली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "तीनशे चौसष्ट दिवस लावत नाय आणि आज हळदकुंकू." ते खरं होतं. घाईच्या वेळी पाटी लावायचं टाळत होते सगळेच. पाच मिनिटांचं काम, कशाला जायचं तेवढं लांब.

अशी बारा वर्षं गेली. दळवी रिटायर होऊन गावी गेले. साहेब चार बदलले. माझी आई वारली. रजिस्टर होतं तिथंच होतं.

एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बाई आणि पवार बाहेरच्या लाइनीवर दोन डब्यांच्या मध्ये हवेचा पाईप बदलत होते. पाटी लावलेली. संध्याकाळच्या गर्दीची एक गाडी वाटेत बंद पडली आणि तिच्या जागी हीच गाडी पाठवा असा वरून फोन आला. नवा सुपरवायझर होता नाईक, तिशीतला, हुशार मुलगा. त्यानं इकडं तिकडं बघितलं, कोणी दिसलं नाही, एका माणसाला पाटी काढायला सांगितली आणि मोटरमनला गाडी घ्या म्हणून सांगितलं.

ब्रेक सुटताना हवेचा जो आवाज होतो तो बाईंना ऐकू आला. त्यांनी पवारच्या शर्टाला धरून त्याला बाहेर ओढलं आणि त्याच्यामागून स्वतः पडल्या. गाडी हातभर सरकली आणि थांबली. मोटरमनला आरशात खडीवर पडलेली माणसं दिसली होती.

पवार तिथंच बसला. बाई उठल्या आणि डब्यांच्या कडेकडेनं चालत पार पुढं गेल्या. मी ऑफिसच्या दारातून बघत होतो. पळत नव्हत्या. मोटरमनच्या केबिनमध्ये चढल्या. आत जमिनीवर त्यांची पाटी पडली होती.

"बाई, मला क्लिअर दिलंय हो," मोटरमन म्हणाला.

"मी नाय दिलं. उठा तुम्ही."

तो उठला. बाई त्याच्या सीटवर बसल्या, पाटी मांडीवर.

नाईक आला, मग साहेब आले. हे साहेब उत्तरेकडचे, मराठी तोडकंमोडकं बोलायचे. खालूनच म्हणाले, "मॅडम, उतरिये. पीक अवर आहे. गाडी पाहिजे."

"पाटी कोणी काढली?"

"वो बाद में देखेंगे."

"आत्ता बघा. पाटी माझी, सही माझी. काढली कोणी?"

"हजारो लोक प्लॅटफॉर्मवर उभे आहेत, मॅडम!"

"त्यांना सांगा, गाडीखाली दोन माणसं होती म्हणून उशीर झाला. मुंबईची माणसं आहेत, समजतील. नाय समजली तर शिव्या मला पाठवा."

"तुम्हाला माहीत आहे याचं परिणाम काय होईल?"

"साहेब, परिणाम मी घरात फ्रेम करून लावलाय. त्याला रोज बघते मी."

तासभर ती गाडी तिथं उभी होती. सगळी शेड बाहेर येऊन उभी राहिली. शेवटी नाईकनं माझ्या टेबलावरचा कागद घेतला आणि लिहून दिलं की पाटी काढायला मी सांगितली. लिहिताना रडत होता. बाईंनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, पाटी घेऊन माझ्या खिडकीशी आल्या, 'परत'च्या रकान्यात सही केली, वेळ घातली. मग हात वर करून मोटरमनला म्हणाल्या, "आता जावा."

त्यांना चार्जशीट मिळालं. कामात जाणूनबुजून अडथळा. नाईकला समज देण्यात आली, म्हणजे काहीच नाही.

चौकशीत दाखवायला बाईंना रजिस्टर हवं होतं. आठवड्यानं त्या ऑफिसात आल्या. त्या दिवशी बसा मी म्हटलं, त्या बसल्या नाहीत. मी चालू रजिस्टर काढून दिलं. त्यांनी आपली सही असलेलं पान बघितलं, त्याची झेरॉक्स काढून घेतली. मग पानं उलटी चाळायला लागल्या. जानेवारीपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"हे याच वर्षाचं आहे?"

"हो. दर वर्षी नवीन असतं."

"जुनी कुठं असतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. वाळवीनं खाल्ली, पावसात भिजली, वर पाठवली. काहीही खपलं असतं. मी उठलो आणि कपाट उघडलं. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. बारा वर्षं उशीर झाल्यावर त्याला शौर्य म्हणत नाहीत.

बाईंनी वर्ष शोधलं, महिना शोधला. तारखेवर बोट ठेवून त्या ओळीनं पुढं सरकल्या. पाटी नंबर सात. प्रकाश तांबे. सही. त्याची सही गिचमिड होती, 'प्र' तेवढा मोठा. मग बोट पुढच्या रकान्यात गेलं. तिथं काही नव्हतं.

"घेतली होती त्यांनी."

"हो."

"मग पाटी गेली कुठं?"

मी सांगितलं. दळवी आले होते, मी विचारलं होतं, झालं असेल म्हणाले होते. सगळं सांगितलं.

"त्यानंतर किती वेळानं?"

"वीस मिनिटं."

बाईंनी रिकाम्या रकान्यावरचं बोट उचललं नाही. मी म्हटलं, "तो रिपोर्ट मी लिहिलेला नव्हता, बाई. साहेबांनी सांगितलं. मी फक्त टाईप केलं."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. त्यांचा राग मी बारा वर्षं पाहत होतो, पण तो माझ्यावर कधी आला नव्हता. आवाज चढला नाही. मला तो चढायला हवा होता.

"दळवी म्हणेल, मी फक्त काढली. साहेब म्हणेल, मी फक्त सांगितलं. तुम्ही फक्त टाईप केलं. शंटिंगवाल्यानं फक्त गाडी ढकलली. माझ्या नवऱ्याला मग मारायला कोण आलं होतं, लेले? मी?" लेलेभाऊमधला 'भाऊ' गळून पडला तो तेव्हा. पुन्हा कधी लागला नाही. "शाळेत माझ्या पोराला पोरं म्हणायची, तुझा बाप झोपला होता ड्युटीवर. चाळीत म्हणायचे, पिऊन असेल. थेंब घेत नव्हता. मी पण एकदा रात्री त्यांच्या फोटोला विचारलं, का नाय लावलीत हो पाटी? आळस केलात का? तुम्ही मला त्यांच्यावर संशय घ्यायला लावलात. आणि रोज सकाळी या खिडकीतून मला पाटी देत होतात. हातात हात लागायचा आपला."

मी म्हटलं, "मी लिहून देतो. दोन दिवस द्या मला."

"दोन दिवस कशाला? तुम्हाला टाईप येतं ना?"

त्या उभ्या राहिल्या आणि मी टाईप केलं. जे पाहिलं ते, जे ऐकलं ते, रजिस्टर कुठं होतं ते, कोणाच्या सांगण्यावरून होतं ते. खाली सही केली. त्यांनी दोनदा वाचलं, एके ठिकाणी म्हणाल्या, "इथं 'ठेवण्यात आले' लिहिलंय. कोणी ठेवलं?" मी खोडून 'मी ठेवले' असं केलं.

त्यांचं स्वतःचं चार्जशीट मागं घेतलं गेलं, त्या कागदामुळं नव्हे, नाईकच्या कबुलीमुळं. प्रकाशचं प्रकरण मात्र पाच वर्षं चाललं. दळवी तोवर गावी वारले होते. ज्या साहेबांनी रिपोर्ट सांगितला ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि त्यांना काही आठवत नव्हतं. माझी बढती अडली. ती अडायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढं सगळं झाल्यावर एक पत्र आलं, दोन ओळींचं. मूळ अहवालातील 'कर्मचाऱ्याने लाल पाटी न लावल्यामुळे' आणि 'स्वतःच्या बेफिकिरीमुळे' हे शब्द वगळण्यात येत आहेत.

पत्र बाईंना देऊन पोच घ्यायची होती. मला वाटलं, चला, निदान एवढं झालं. मी स्वतः पिटाशी गेलो. जेवणाची सुट्टी होती. बाई पिटाच्या कडेला बसून भाकरी आणि सुकट खात होत्या. हात पुसून त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि पवारनंतर आता त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या शेखला म्हणाल्या, "मोठ्यानं वाच रे, सगळ्यांना." त्यानं वाचलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात वर आले होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता ते शब्द काढून रिपोर्टातलं वाक्य म्हण. काय राहिलं?"

शेखनं मनातल्या मनात जुळवलं. "सदर अपघात घडला."

"घडला. कोणी केलं नाय. नुसता घडला. पाऊस पडला, तसा." त्यांनी पत्र माझ्याकडे परत दिलं. "मला हे नको. पाटी लावली होती, ती दळवीनं काढली, असं लिहून आणा. मग सही देते."

"बाई, इतकं मिळालं हेच... वरून नाही लिहिणार ते तसं."

"मग तुमच्याकडं ठेवा. सवय आहे तुम्हाला."

त्यांच्या मुलानंही समजावून पाहिलं. तोवर तो बँकेत लागला होता. आई, संपव आता, म्हणाला. बाईंनी सही दिली नाही. ते पत्र पोच नसलेल्या कागदांच्या फायलीत गेलं. मी निवृत्त झालो तेव्हा तिथंच होतं. आजही असेल. त्या वेळी मला तो हट्ट वाटला होता. आता मी त्या दोन ओळी आठवतो तेव्हा माझाच मला संताप येतो, की इतकी वर्षं कागद लिहूनही मला त्या दोन ओळींतली लबाडी दिसली नाही, आणि भाकरी खाता खाता बाईंना ती दिसली.

त्या माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. शेख सांगत होता, शाल-श्रीफळाची तयारी केली होती, हार आणला होता. शिफ्ट संपेपर्यंत बाई पिटात होत्या. वर आल्या, हात धुतले, सगळ्यांना नावानं हाक मारून येते म्हणाल्या आणि गेटमधून गेल्या. हार साहेबांच्या टेबलावर सुकला.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. गेल्या वर्षी. मी लोअर परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो आणि डिलाईल रोडनं चालत येत होतो. सकाळचे अकरा असतील. पुढं गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्नचा नुसता कालवा. जवळ गेलो तर रस्त्याच्या मधोमध गटाराचं झाकण उघडं, कुठल्याशा कंत्राटदाराचा एक माणूस आत उतरलेला, वर त्याचा जोडीदार दोरी धरून. ना बांबू, ना अडसर. आणि त्या उघड्या भोकाशी, गाड्यांकडे पाठ करून, एका प्लास्टिकच्या स्टुलावर तांबेबाई बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, अंगात घरातला गाऊन, खांद्यावर टॉवेल. वरून, चाळीच्या गॅलरीतून त्यांनी हे बघितलं असणार आणि आहेत तशा खाली आल्या असणार.

एका मोठ्या गाडीतला तरुण काच खाली करून म्हणत होता, "आजी, थोडं साइडला घ्या ना. मीटिंग आहे हो माझी."

"माणूस आत आहे."

"पण मी बाजूनं काढतो, त्याला नाही लागणार."

"तुझा बाप आत असता तर काढली असतीस?"

त्यानं काच वर केली. मी फुटपाथवर उभा होतो. बाईंनी मान वळवली आणि त्यांना मी दिसलो. ओळखलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मला वाटलं, बोलतील, विचारतील कसे आहात. निदान मी तरी काहीतरी बोलेन, जे मला इतकी वर्षं बोलायचं होतं.

"बघत काय राहिलात, लेले?" त्या ओरडल्या. "त्या टोकाला जा. तिकडून बस येतेय, ती अडवा."

मी गेलो. पासष्टीतला माणूस, डोळ्यांत थेंब घातलेले, नीट दिसतही नव्हतं. समोरून लाल बस आली आणि मी दोन्ही हात पसरून तिच्यापुढं उभा राहिलो. ड्रायव्हर काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग आतला माणूस वर आला, छातीपर्यंत काळा, आणि रस्त्यावर बसून धापा टाकायला लागला. बाईंनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातात दिला, त्याच्या जोडीदाराला चार शब्द सुनावले, झाकण लागेपर्यंत थांबल्या. मग स्टूल उचललं आणि चाळीच्या जिन्याकडे गेल्या. वळून बघितलं नाही.

गाड्या सुटल्या. बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी अजून हात पसरूनच उभा होतो.